‘३००’: रंगवलेली थर्मोपिली पडद्यावर येताना

मृण्मयी_द

(हा धागा २००७ च्या सुरुवातीचा, सिनेमा लागण्याआधीचा.) ९ मार्च २००७ ला अमेरिकेत ‘३००’ लागतोय: ग्रीसमधल्या थर्मोपिलीच्या खिंडीत पर्शियन सैन्याला अडवणारा स्पार्टाचा राजा लिओनायडस आणि त्याचे ३०० सैनिक यांच्यावरच्या फ्रँक मिलरच्या कॉमिकचा सिनेमा. त्याआधी १४ फेब्रुवारीला बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेबाहेरचा खेळ आहे. ट्रेलर बघितल्यापासून एक प्रश्न डोक्यात घोळतोय, म्हणून हा धागा.

मूळ कॉमिक ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: १९९८ साली मे ते सप्टेंबर असे पाच अंक डार्क हॉर्सने काढले. लेखन आणि चित्रं फ्रँक मिलरची, रंग लिन व्हार्लीचे. जवळजवळ प्रत्येक चित्र जोडपानभर पसरलेलं. म्हणूनच पुढे पुठ्ठाबांधणीची आवृत्ती निघाली ती आडवी, एका जोडपानाचं एक पान करून. कॉमिक्ससाठीच्या १९९९ च्या आयस्नर पुरस्कारांत मर्यादित मालिका, लेखक-चित्रकार आणि रंगकाम असे तिन्ही मान तिला मिळाले.

रंगांचा पुरस्कार मला सगळ्यात योग्य वाटतो. व्हार्लीचे रंग सपाट भरलेले नाहीत. ओल्या कुंचल्याचे ओघळ, शिंतोडे, मातकट आभाळ, आणि त्यात फक्त स्पार्टनांच्या पाठीवरच्या झग्यांचा लाल. माणसं कित्येकदा नुसती काळी आकृती. मिलर तपशील टाकून देतो. कॅमेरा मात्र समोर येईल तो तपशील टिपत जातो. मग माँट्रिऑलच्या स्टुडिओत साधारण ६० दिवसांत, बहुतेक निळ्या पडद्यासमोर (मागची पार्श्वभूमी नंतर संगणकावर बसवायची म्हणून) चित्रित झालेला सिनेमा त्या पानांपर्यंत पोचणार कसा? ज्यांना यातलं कळतं त्यांनी सविस्तर लिहा.

नीरज_कॉम्प

मृण्मयी, चांगला प्रश्न. उत्तराचा मोठा भाग ग्रेडिंगमध्ये, म्हणजे चित्रणानंतर रंग-उजेड बदलण्यात आहे. सिनेमावाल्यांनी वापरलेल्या पद्धतीला त्यांच्याच टीममध्ये ‘क्रश’ म्हणतात. चित्रातले गडद भाग इतके खाली दाबायचे की सावलीतला तपशील संपून तिथे शाई उरते. मधले रंग फिके करायचे, कातडी आणि लाल तेवढे धरून ठेवायचे. शाईने टाकलेला काळा ठिपका आणि दाबलेली सावली पडद्यावर एकच काम करतात: डोळ्याला तिथे काही शोधू देत नाहीत.

ऐकायला सोपं आहे, पण चुका होतात त्या क्रशच्या आधी. एका शॉटमध्ये नट, खडक, आभाळ, धूळ, भाले असे दहा-पंधरा थर असतात. प्रत्येक थराचा काळा वेगळ्या पातळीवर असेल तर साध्या ग्रेडमध्ये ते चालून जातं. क्रश केला की फरक ताणला जातो आणि नटाभोवतीची कापलेली कड उघडी पडते. म्हणून सगळ्या थरांचे काळे आधी एका पातळीवर आणायचे, मगच दाबायचं. दुसरा धोका आभाळाचा. मंद उतरत जाणारा तपकिरी रंग ८ बिटमध्ये ताणला की पट्टे दिसतात. त्यामुळे निगेटिव्ह १० बिट लॉगमध्येच (रंगाच्या जास्त पायऱ्या ठेवणाऱ्या रूपात) स्कॅन करून शेवटपर्यंत तसंच न्यावं लागतं. २के स्कॅनची २०४८ × १५५६ ची एक फ्रेम सुमारे १२.७ एमबी, म्हणजे एका सेकंदाला ३०० एमबीच्या वर. दहाएक कंपन्यांमध्ये वाटलेले हजाराहून जास्त इफेक्ट शॉट या हिशोबाने मोजा, म्हणजे चित्रण जानेवारी २००६ च्या आसपास उरकूनही प्रदर्शनाला २००७ चा मार्च का उजाडला ते कळेल.

अंबरीष

निळाच पडदा का? हल्ली सगळे हिरवा वापरतात ना?

नीरज_कॉम्प

लाल झग्यांमुळे, आणि एकूण प्रकाशाच्या धाटणीमुळे. पडद्याचा रंग नटावर उडतो, त्याला स्पिल म्हणतात. हिरवा स्पिल लालावर पडला की लाल मळकट पिवळा होतो आणि कातडी आजारी दिसते. निळा स्पिल उरला तरी तो सावलीतला गारवा म्हणून खपतो. शिवाय शेवटी सगळा सिनेमा सोनेरी-तपकिरीकडे झुकवायचा असेल तर निळा काढून टाकण्यात नुकसान कमी.

किंमत मोजावी लागते ती ग्रेनची, म्हणजे फिल्मवरच्या बारीक दाण्यांची. रंगीत निगेटिव्हवर सगळ्यात जाड ग्रेन निळ्या थरात असतो आणि ‘की’ (पडद्याचा रंग ओळखून तो चित्रातून वगळणं) काढायची नेमकी त्याच चॅनेलवरून. कड उकळल्यासारखी थरथरते. उपाय तीन पायऱ्यांचा: ग्रेन साफ केलेल्या प्रतीवरून मॅट (नटाच्या आकाराचा मुखवटा) काढायची, ती मूळ ग्रेनवाल्या प्रतीला लावायची, आणि मागे रंगवलेल्या आभाळाला त्याच जातीचा ग्रेन वरून द्यायचा. तिसरी पायरी राहिली तर नट जिवंत आणि आभाळ प्लास्टिकचं दिसतं. ट्रेलरमध्ये ग्रेन चांगला भरड ठेवलाय. व्हार्लीच्या शिंतोड्यांची जागा तो घेईल असं मला वाटतं आणि मला तो फार आवडलाय.

ब्राँझच्या ढाली-शिरस्त्राणांचा त्रास वेगळाच. घासून चकचकीत केली की त्यात पडदाच दिसतो आणि की काढताना ढालीला भोक पडतं. म्हणून धातू मंद ठेवतात, वरून माती चोळतात.

रेघोट्या

चौकटीचं कोणी बोललं नाही अजून. कॉमिकचं एक पान साधारण ६.६ × १०.२५ इंच. दोन शेजारी ठेवली की जेमतेम १.२९:१. सिनेमाची चौकट २.३९:१. जोडपान ‘रुंद’ वाटतं खरं, पण पडद्याच्या मानाने ते जवळजवळ चौरस आहे. पूर्ण रुंदी धरली तर उंचीतला निम्म्याच्या जवळपास भाग छाटला जातो. पूर्ण उंची धरली तर दोन्ही बाजूंना रिकामी जागा भरावी लागते.

मिलरची ताकद उंचीत आहे. कड्यावरून पर्शियन सैनिक ढकलले जातात ते चित्र घ्या: वर उभी माणसं, खाली पोकळी. भाल्यांचं रान, बाणांनी झाकलेलं आभाळ, सगळं उभ्या दिशेने वाढतं. ट्रेलरमध्ये कड्याचा शॉट आहे आणि तिथे त्यांनी कॅमेरा मागे नेऊन माणसं बारीक केली आहेत. कड्याची उंची वाचली, पण आकृत्यांचा ठसा कमी झाला. दुसरा रस्ता होता: चौकट स्थिर ठेवून पडणारी माणसं वरून आत आणि खालून बाहेर जाऊ द्यायची. सिनेमाला वेळ हाताशी असतो, कॉमिकला नसतो. जिथे उंची हरवते तिथे वेळ वापरला तर पान खऱ्या अर्थाने उतरेल. नुसती चित्राची प्रतिकृती मला नको आहे.

नीरज_कॉम्प

रेघोट्या, वेळेबद्दल अगदी सहमत. म्हणूनच वेग बदलण्याचं तंत्र इतकं वापरलंय: भाला सुटेपर्यंत वेगात, लागताना संथ, पुन्हा वेगात. संथ झालेला तो क्षण म्हणजे कॉमिकचं चित्र.

करायचं कसं? सगळं जास्त वेगाने चित्रित करायचं, धरा सेकंदाला १५० फ्रेम. संथ भागात सगळ्या फ्रेम दाखवायच्या, सव्वासहा पट संथ. नेहमीच्या वेगाच्या भागात साधारण दर सहा फ्रेममागे एक ठेवायची. अडचणी तीन.

पहिली प्रकाशाची. २४ ऐवजी १५० फ्रेम म्हणजे ६.२५ पट उजेड, अडीच स्टॉपहून थोडा जास्त (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). तेवढे दिवे लावले की उघड्या अंगाचे नट घामाने निथळतात. या सिनेमात तो घाम कामाचाच आहे. दिवेही बघून घ्यावे लागतात. मोठ्या टंगस्टन दिव्याची तार जाड असते, विजेच्या चढउतारात ती थंड होत नाही. लहान दिवे किंवा जुन्या चोकवर चालणारे दिवे मात्र जास्त वेगाला लुकलुकतात आणि ते लॅबमधून निगेटिव्ह आल्यावरच कळतं.

दुसरी फिल्मची. ३५ मिमीच्या एका फुटात १६ फ्रेम. १५० च्या वेगाला सेकंदाला सव्वानऊ फुटांहून जास्त फिल्म जाते, ४०० फुटी मॅगझीन ४२ सेकंदांत रिकामं. कॅमेरा वेग पकडेपर्यंत काही फूट वाया जातात ते वेगळेच. म्हणजे मारामारीचे तुकडे आधीच सेकंदात मोजून बसवलेले हवेत.

तिसरी सगळ्यात फसवी. १५० फ्रेमला शटर १/३०० सेकंदाचं, २४ फ्रेमला १/४८ चं. मधल्या फ्रेम गाळून वेग नेहमीचा केला तरी प्रत्येक फ्रेम कोरडी, धारदार राहते, हलण्याचा धूसरपणा नसतोच. तलवार पडद्यावर तुटक उड्या मारते. गाळलेल्या फ्रेम एकमेकींत मिसळून किंवा हालचालीची दिशा मोजून धूसरपणा परत घालावा लागतो. वेग बदलतो त्या सांध्यावर तो हळूहळू वाढवत नेला नाही तर प्रेक्षकाला कारण कळत नाही, पण धक्का बसतो.

लिओनायडस एकटा पुढे घुसतो तो लांबलचक शॉट नीट बघा. मधेच चित्र झटकन जवळ येतं आणि मागे जातं. एकाच कॅमेऱ्याचं चित्र संगणकावर चौपट मोठं केलं तर २०४८ पैकी ५१२ पिक्सेल उरतील आणि ग्रेन वाळूएवढा होईल. म्हणून रुंद, मध्यम आणि जवळचं भिंग लावलेले तीन कॅमेरे एकाच वेळी चालवले आणि नंतर एकातून दुसऱ्यात सरकले. तीन भिंगं एकाच बिंदूत बसत नाहीत, त्यामुळे नट आणि पार्श्वभूमी यांचं अंतर किंचित बदलतं. पार्श्वभूमी मागाहूनच बसवायची असल्यामुळे ती चूक इथे लपते. रस्त्यावर खऱ्या जागी केलं असतं तर लगेच दिसली असती.

इतिहासवाचक

तंत्रावर उत्तम चाललंय. प्रसंगांबद्दल थोडं लिहितो, म्हणजे बघताना काय प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसचं आणि काय मिलरचं ते वेगळं करता येईल.

इ. स. पू. ४८०. लिओनायडसबरोबर स्पार्टाचे ३००, पण खिंडीत ग्रीक एकूण सुमारे ७,०००. शेवटच्या दिवशी थेस्पियाचे ७०० डेमोफिलसच्या हाताखाली स्वखुशीने थांबले आणि मेले. थीब्जचे ४०० ही होते. ज्या गावाने आपले ७०० दिले त्याचं नाव पोस्टरवर नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. निवडलेले ३०० सगळे मुलगे असलेले बाप होते, हा तपशील हेरोडोटसचाच.

दूतांना विहिरीत ढकलण्याचा प्रसंग खरा, पण दहाएक वर्षं आधीचा. ते दूत पर्शियाचा राजा दारयवहू (डरायस) याचे होते. त्या कृत्यामुळेच त्याच्या मुलाने, थर्मोपिलीवर चालून आलेल्या झर्क्सिसने, पुढे स्पार्टा आणि अथेन्सला दूत पाठवलेच नाहीत. एफोर म्हणजे स्पार्टात दरवर्षी निवडले जाणारे पाच अधिकारी. मिलरचे ते रोगट म्हातारे पुजारी कल्पनेतले. स्पार्टाला एका वेळी दोन राजे असत, लिओनायडस त्यातला एक. फितूर एफिआल्टिसच्या शरीरात व्यंग होतं असं हेरोडोटस म्हणत नाही. त्याने पैशाच्या आशेने पर्शियनांना डोंगरातली वाट दाखवली. ‘अमर’ ही पर्शियनांची १०,००० ची तुकडी. एक पडला की लगेच दुसरा भरती होई आणि संख्या कायम राही, म्हणून हे नाव. हेरोडोटसकडे गेंडे कुठेच नाहीत. उंट मात्र आहेत, अरबांचे, आणि ते सैन्याच्या शेवटी ठेवलेले, कारण घोडे उंटांना बुजतात.

एक प्रसंग सिनेमात असावा अशी फार इच्छा आहे. अमरांची तुकडी दिवेलागणीला डोंगरवाटेने निघाली. त्या वाटेवर ग्रीकांच्या बाजूचे १,००० फोकियन पहाऱ्याला होते. ओकच्या झाडीमुळे त्यांना कोणी दिसलं नाही. पहाटे वारा पूर्ण पडलेला होता आणि गळलेल्या पानांवर पावलांची सळसळ ऐकू आली, तेव्हा ते उठले. लढाईचा निकाल पानांच्या आवाजावर फिरतो, आणि हे मिलरच्या पानात येऊ शकत नाही. ध्वनी असलेल्या माध्यमालाच ते जमेल.

भालदार

ढालींच्या भिंतीबद्दल. हॉप्लाइटची, म्हणजे ग्रीक पायदळ सैनिकाची ढाल सुमारे ९० सेंमी व्यासाची, ६ ते ८ किलोची. पकड दोन ठिकाणी: मधल्या पट्ट्यात कोपरापर्यंत हात, कडेच्या दोरीत मूठ. त्यामुळे ढालीचा डावा भाग आपल्या अंगाबाहेर जातो आणि डावीकडच्या सोबत्याला झाकतो. उजवीकडच्याची ढाल आपल्याला झाकते. एक माणूस रांग सोडून पुढे गेला की त्याच्या डावीकडच्याची उजवी बाजू उघडी. ट्रेलरमध्ये लिओनायडस नेमकं तेच करताना दिसतो. पडद्यासाठी ठीक, पण रांगेतला लढणारा हे करणार नाही.

भाला २ ते २.५ मीटरचा, मागच्या टोकाला धातूचा खिळा. पुढचं पातं तुटलं तर उलटा धरून लढायचा. पर्शियनांचे भाले आखूड, ढाली वेताच्या. अरुंद खिंडीत संख्या उपयोगी नाही आणि भाल्याची पोच कमी, म्हणून पहिले दोन दिवस त्यांचं काही चाललं नाही. आज तिथे गेलात तर हे पटणार नाही. स्पेर्खिओस नदीच्या गाळाने समुद्र काही किलोमीटर मागे हटलाय, खिंडीच्या जागी सपाट मैदान आहे.

उघड्या अंगाबद्दल: ब्राँझचं शिरस्त्राण, छातीवर कवच, पायांवर पिंढरीपट्टे, हे त्यांचं संरक्षण होतं. मिलरने ते काढलं कारण त्याला शरीराची रेघ हवी होती.

अंबरीष

नटांनी त्या शरीरासाठी रोज ३०० वेळा व्यायाम केला असं वाचलं. खरं?

भालदार

नाही. तो आकडा एका चाचणीचा आहे, रोजच्या व्यायामाचा नव्हे. गिर्यारोहक मार्क ट्वाइटने कित्येक आठवडे तयारी करून घेतली आणि शेवटी ही चाचणी ठेवली. क्रम असा: २५ पुल-अप; ६१ किलोच्या बारने ५० डेडलिफ्ट; ५० पुश-अप; २४ इंची खोक्यावर ५० उड्या; तोच बार वर धरून ५० फ्लोअर वायपर (पाठीवर पडून पाय डावीउजवीकडे नेणं); १६ किलोच्या केटलबेलने दोन्ही हात मिळून ५० क्लीन अँड प्रेस; परत २५ पुल-अप. बेरीज ३००, घड्याळ लावून.

जिममध्ये पहिल्याच दिवशी कोणी करायला जाऊ नये. डेडलिफ्टच्या पस्तिसाव्या-चाळिसाव्याला कंबर गोल व्हायला लागते आणि मणक्यावर भार येतो. खोक्यावरच्या उड्यांत पाय दमले की नडगी कडेवर आपटते. सवय नसताना एवढा व्यायाम एकदम केला तर स्नायू तुटून लघवी काळपट होऊ शकते. तसं दिसलं तर तडक रुग्णालय गाठायचं. निम्म्या संख्येने, १२ ते १६ किलोच्या वजनाने सुरू करा. बाकी पडद्यावर दिसतं त्यात आहार, घाम आणि वरून मारलेला कडक प्रकाश यांचाही वाटा आहे.

मृण्मयी_द

इतिहासवाचक, लिओनायडसच्या राणीचं, गॉर्गोचं काय? कॉमिकमध्ये ती मोजक्या चित्रांत आहे. सिनेमात लीना हेडीसाठी स्पार्टातलं अख्खं उपकथानक वाढवलंय म्हणतात.

इतिहासवाचक

वाढवलंय, आणि त्यातला थेरॉन नवा घडवलेला आहे. मला खंत एवढीच की खरी गॉर्गो याहून सरस आहे. झर्क्सिसच्या दरबारी असलेल्या, स्पार्टाचा माजी राजा डेमारातसने लाकडी पाटीवरचं मेण खरवडून लाकडावर स्वारीची बातमी लिहिली आणि वरून पुन्हा मेण ओतलं. कोरी पाटी स्पार्टात पोचली तेव्हा कोणालाच अर्थ लागेना. मेण खरवडा, असं गॉर्गोने सांगितलं. ती उकल ज्या बाईची, तिला राजकारणात उतरवायला वेगळं कारण लागत नाही.

दुसरं, पर्शियनांचं चित्रण. मिलरचा झर्क्सिस बिनदाढीचा, अंगभर टोचून घेतलेला राक्षसी माणूस आहे. पर्सेपोलिसच्या शिल्पांतले राजे दाढीवाले, पायघोळ वस्त्रातले. शत्रूला राक्षस केलं की त्याच्याविरुद्धचं शौर्य छोटं होतं, असं माझं मत. हेरोडोटस स्वतः पर्शियनांच्या धैर्याला कमी लेखत नाही. त्यांची शस्त्रं तोकडी होती, एवढंच तो सांगतो.

कौस्तुभ_ग

आपल्याकडे बाजीप्रभूंच्या लढ्याची तुलना थर्मोपिलीशी हमखास होते. आकडाही तोच, ३००. कॉलेजचे आम्ही काही जण घोडखिंडीवर दहा मिनिटांची फिल्म करतोय. हाताशी मिनीडीव्ही (छोट्या टेपवर चित्रण करणारा) कॅमेरा आणि आफ्टर इफेक्ट्स हे चित्रांचे थर जोडायचं सॉफ्टवेअर. नीरज, या पद्धतीने काही जमेल का?

इतिहासवाचक

तुलना करताना हेतूचा फरक पटकथेत असू द्या. लिओनायडसची खिंड आणि आर्टेमिसियमला उभं असलेलं ग्रीक आरमार ही एकाच योजनेची दोन टोकं होती. दोन्ही एकदमच धरायची होती. १३ जुलै १६६० ला घोडखिंडीत काम ठरावीक वेळेचं होतं: महाराज विशाळगडावर पोचून तोफेचे आवाज होईपर्यंत. तुमच्याकडे घड्याळ आहे, मिलरकडे नव्हतं.

नीरज_कॉम्प

कौस्तुभ, जमेल, पण निळा पडदा विसरा. मिनीडीव्हीत हिरवाच घ्या. पाल (आपल्याकडची टीव्ही-पद्धत) डीव्ही ७२० × ५७६ असलं तरी रंगाची माहिती ३६० × २८८ एवढीच साठवली जाते. तपशील बघायचा तर उजेडाच्या चॅनेलमध्ये, आणि त्यात हिरव्याचा वाटा सुमारे ५९ टक्के, निळ्याचा ११. निळ्यावर कड पायऱ्यापायऱ्यांची येईल.

कापड: सुती, बिनचमकीचं, ३ × ६ मीटर, इस्त्री करून चारही बाजूंनी ताणलेलं. साटीन नको. नट कापडापासून किमान अडीच-तीन मीटर पुढे. पडद्याचे दिवे वेगळे, नटाचे वेगळे. पडद्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाव-तृतीयांश स्टॉपपेक्षा जास्त फरक नको. कॅमेऱ्याची झेब्रा खूण (ठरावीक उजेडावर उमटणाऱ्या तिरक्या रेघा) लावून तपासता येतं. कॅमेऱ्यातली शार्पनेस शून्यावर आणा, नाहीतर कडेला पांढरी रेघ येते आणि ती कुठल्याही की ला जात नाही. ऑटो एक्सपोजर आणि ऑटो व्हाइट बॅलन्स बंद.

की काढताना आधी नटाभोवती ढोबळ कुंपण आखा, म्हणजे पडद्याच्या सुरकुत्या बाहेर जातील. मग दोन मॅट: आतली घट्ट, अंगाला भोकं पडू नयेत म्हणून, बाहेरची मऊ, केस आणि धुळीसाठी. दोन्ही मिसळा. मग स्पिल काढा, शेवटी सगळ्यावर एकच ग्रेन. पांढरे अंगरखे हिरवा फार ओढतात, चहाच्या पाण्यात बुडवून मळके करून घ्या.

वेग कमी करायचा तर पालच्या ५० फील्ड (एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं) वेगळ्या करून सेकंदाला ५० चित्रं मिळवा: दुप्पट संथ, उभा तपशील निम्मा. त्याहून संथ ओढू नका.

घोडखिंडीत पाऊस लागणार. तो पडद्यासमोर पाडू नका, की फुटते. रात्री काळ्या पार्श्वभूमीवर, मागून दिवा लावून, पाइपने पाडलेलं पाणी वेगळं टिपा आणि स्क्रीन मोडमध्ये (त्यात काळा भाग गायब होतो) वर टाका. जवळचे मोठे थेंब, मधले, लांबची धूसर रेघ असे तीन थर पुरतात. नटांना स्प्रेने ओलं करा, पण ओलं कापड पडद्याचा हिरवा आरशासारखं परतवतं, तेव्हा ओल्या शॉटला नट आणखी मीटरभर पुढे घ्या.

कौस्तुभ_ग

स्पिलसाठी मागच्या दिव्याला पिवळा जिलेटिन (रंगीत पारदर्शक कागद) लावतात असं कुठेतरी वाचलं होतं. तो चालेल?

नीरज_कॉम्प

तो निळ्या पडद्यासाठी. हिरव्यासाठी मॅजेंटाकडे झुकणारा, पाव ताकदीचा मायनस ग्रीन घ्या, आणि फक्त मागच्या दिव्यावर. पुढच्या दिव्यावर लावलात तर चेहरे गुलाबी होतील आणि व्हाइट बॅलन्सने ते सुधारायला गेलात की पडद्याचा हिरवा बिघडेल.